चोवीस इंची सायकलीवरचे जावईबापू

मानवजातीच्या वाटचालीत खरे टप्पे तीनच. माणूस दोन पायांवर उभा राहिला तो पहिला. त्यानं चाक शोधलं तो दुसरा. आणि बजाजनगरचे कारभारी औताडे सासऱ्यांच्या जुन्या विलायती सायकलीवर बसून औरंगपुऱ्यातल्या कचेरीत जाऊ लागले तो तिसरा. हे मत खुद्द कारभारींचं होतं, आणि ते त्यांनी दारातल्या पाण्याच्या हौदावर उभं राहून मांडलं होतं. हौदावर अशासाठी, की त्याशिवाय त्यांना सीटवर बसता येत नव्हतं.

"झालं का भाषण?" खाली हँडल धरून उभ्या असलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या. "आत दूध ठेवलंय मी. बसा आता."

कारभारी बसले. वच्छलाबाईंनी मागून एक सणसणीत धक्का दिला, आणि तिसरा टप्पा घंटी वाजवत गल्लीच्या तोंडाशी दिसेनासा झाला.

सायकलीची फ्रेम चोवीस इंची होती. बेताच्या उंचीच्या माणसाला बावीस इंची पुरते. चोवीस इंची ज्यांना दारातून आत येताना वाकावं लागतं त्यांच्यासाठी. कारभारींचे सासरे, लासूर स्टेशनचे आप्पासाहेब, हे तसे होते. भर बाजारात ते उभे राहिले की लोक त्यांच्या सावलीत बैल बांधत, असं ते स्वतःच सांगत आणि लासूरमध्ये ते खोडून काढायला कुणाची मान तेवढी वर जात नसे. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा महसुलातले एक उंचेपुरे गिरदावरसाहेब बदलीवर हैदराबादकडे निघाले. त्यांची सायकल तरण्याबांड आप्पासाहेबांनी घेतली आणि सारी उमर तिच्यावरून बाजार समितीच्या कचेरीत नोकरीला गेले. पुढं गुडघे बोलायला लागले. सायकल गोठ्यात गेली आणि कोंबड्यांनी तिच्या कॅरियरवर संसार थाटला.

तिची आठवण पुन्हा झाली ती आप्पासाहेबांच्या चिरंजीवांना, काकासाहेबांना. नगर रस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे. जुन्या वस्तू टांगल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाकरी गोड लागत नाही, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. तिथं आधीच कंदील, जातं, रेडिओ आणि एक नांगर टांगलेला होता; नांगराखालच्या टेबलावर सहसा कुणी बसत नसे. आता सायकल छताला उलटी टांगायची आणि तिच्या चाकांत रंगीत दिवे सोडायचे, असा बेत काकासाहेबांनी घरच्या पंगतीत सांगितला.

"सायकल काय टांगायची वस्तू हाय का?" पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. "मी जाईन तिच्यावर कचेरीत."

बोलणारे कारभारी होते. सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

"तुम्ही, दाजी?" काकासाहेबांचा घास हातातच राहिला. "सोबत शिडी न्यावी लागेल."

पंगत हसली. कारभारींना ही पंगत नवीन नव्हती. त्यांच्या लग्नात अंतरपाट धरला तेव्हा पलीकडे नवरा उभा आहे की नाही, हे भटजींनी दोनदा वाकून पाहिलं होतं. वच्छलाबाई उंचीनं बापावर गेलेल्या. आप्पासाहेबांनी त्या दिवशी जावयाबद्दल एकच वाक्य काढलं होतं, "पोरगा गुणाचा हाय, जरासा आखूड पडला." ते वाक्य कारभारींनी सगळ्या संसारभर खिशात बाळगलं. शिक्षणसंस्थेच्या कचेरीत ते मुख्य लिपिक झाले, बजाजनगरात घर बांधलं, पण आप्पासाहेब बोलायचे ते त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीशी. एकदा तरी या माणसानं आपल्याकडे नीट पाहावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सायकल त्यानंतरची.

आप्पासाहेब नव्वदीला टेकले होते, पण निकाल त्यांनी बसल्या जागी दिला.

"जो तिच्यावर कामाला जाईल त्याची सायकल. पण दोन अटी. एक, तिच्यात काय बी बदलायचं नाय. आन दुसरी, वडीलधारं माणूस दिसलं की खाली उतरायचं, रामराम घालायचा, मगच फुडं. आमच्या वक्ताला बसून रामराम घालायची कुणाची हिंमत नव्हती. दिवाळी सरली की येतो मी औरंगपुऱ्यात. बसून रामराम घातलास तर सायकल याच्या छताला."

ही दुसरी अट आप्पासाहेबांच्या लेखी धर्मापेक्षा थोडी मोठी होती. एका आडत्याचा पोरगा त्यांच्यासमोरून सायकलवर बसल्या-बसल्या हात हलवून गेला होता. आप्पासाहेब त्या पोराच्या लग्नाला गेले नाहीत, बारशाला गेले नाहीत, आणि तो सरपंच झाला तेव्हा मतदानालाही गेले नाहीत.

कारभारींनी दोन्ही अटी मान्य केल्या. तोवर ते सायकलवर बसले नव्हते.

पैठण गेटजवळ हबीब मिस्त्रींचं दुकान आहे. आपल्या कामाची तारीफ दुसऱ्यावर सोपवायची त्यांना सवय नव्हती. गोठ्यातून आलेलं ते लोखंड पाहून त्यांनी आधी कोंबडीचं पीस बाजूला केलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला.

"साब, शहर में ये काम दो ही आदमी कर सकते थे. एक मेरे वालिद. वो गुजर गए."

मिस्त्रींनी गंज उतरवला, काळा रंग चढवला, मडगार्डवर सोनेरी रेघ हातानं ओढली आणि ओढताना दुकानात कुणाला श्वास घेऊ दिला नाही. सळईचे ब्रेक बोलते झाले. डायनामोचा दिवा लागला. कातडी सीट तेल पिऊन चकाकायला लागलं. घंटी तर अशी, की वाजवली की समोरचा माणूस आधी बाजूला होई आणि मग हसे.

एकच गोष्ट हलली नाही. सीटचा दांडा. तो आप्पासाहेबांच्या उंचीवर वर ओढलेला होता आणि तिथंच नळीत गंजून बसला होता. तेल झालं, रॉकेल झालं, हातोडा झाला.

"इन दोनों का निकाह हो गया, साब," मिस्त्री घाम पुसत म्हणाले. "अब अलग होना नक्को बोल रहे. कापूं क्या?"

"कापायचं नाय. अट हाय."

मिस्त्रींनी सीटकडे पाहिलं, मग कारभारींकडे पाहिलं, मग पुन्हा सीटकडे.

"तो फिर आपको लंबा करना पडता. वो काम मैं नहीं करता."

आता सायकलवर चढायची एक रूढ रीत आहे. डावा पाय पॅडलवर, उजव्यानं दोन ढकले, आणि मग टांग. पण टांग टाकायला गुडघ्याची संमती लागते, आणि कारभारींच्या उजव्या गुडघ्यानं ती पन्नाशीनंतर काढून घेतली होती. म्हणून चढायला हौद. एकदा वर बसल्यावर मात्र अडचण नव्हती. डावं पॅडल खाली गेलं की कारभारीही थोडे डावीकडे जात, त्याचा निरोप घेत आणि उजव्याच्या स्वागताला उजवीकडे येत. मागून पाहणाऱ्याला हे एखाद्या हत्तीवरच्या अंबारीसारखं संथ आणि राजेशाही वाटे.

रस्ता त्यांनी आधाराच्या हिशेबानं आखला होता. छावणीपाशी टेकायला काही नाही, तिथं थांबायचं नाही. नगर नाक्याला दुभाजक उंच आहे, तिथं पाय टेकतो. क्रांती चौकातला सिग्नल लाल असला तर शेजारच्या रिक्षाच्या टपावर हात ठेवून उभं राहायचं. पहिल्या दिवशी रिक्षावाला चिडून बाहेर डोकावला. वर पाहिलं तर सोनेरी रेघ, चकाकता दिवा आणि ढगांकडे पाहणारे कारभारी. त्याला वाटलं, कुणीतरी मोठा माणूस आहे. आठवडाभरात क्रांती चौकातले रिक्षावाले साहेबांना हात ठेवायला मिळावा म्हणून डावीकडे जागा धरायला लागले.

आणि शेवटी औरंगपुरा. कचेरीच्या दाराला लागून दगडी ओटा होता, कंबरेइतका. कारभारी सायकल ओट्याला घासून आणत, डावा पाय त्यावर ठेवत आणि एखाद्या बोटीतून उतरावं तसे उतरत. शिपाई रामकिसन ओटा झाडून ठेवी आणि नमस्कार करी. साऱ्या औरंगपुऱ्यात असा उतरणारा दुसरा माणूस नव्हता. मोटारीतले लोक काच खाली करून बघत. कॉलेजची पोरं फोटो काढत. कारभारी जन्मभर लोकांच्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीशी बोलत आले होते. आता त्यांना टोप्यांचे वरचे भाग, रिक्षांचे टप आणि टक्कल झाकायला फिरवलेले केस असं एक नवंच शहर दिसायला लागलं होतं. ते कचेरीत गुणगुणायला लागले. घरी आरशासमोर कारण नसताना थांबायला लागले.

त्रास फक्त वडीलधाऱ्यांचा होता.

वडीलधारे सकाळच्या वेळी रस्त्यावर फार असतात, हे कारभारींच्या पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. समोरून एखादे निवृत्त गुरुजी येताना दिसले की ते सायकल गल्लीत घालत. गल्लीत दुसरे गुरुजी असत. मग कारभारी वरूनच कमरेत इतके वाकत की टोपी हँडलला लागे, पण उतरत नसत, कारण जवळ ओटा नसे. थोड्याच दिवसांत बोलणं वच्छलाबाईंच्या कानावर आलं.

"शेजारची भागूबाई इचारत व्हती, तुमच्या मालकाला काय झालंय म्हणून. लई ताठलेत म्हणती."

"मी ताठलो नाय. मला उतरता येत नाय."

"मग सांगा तसं."

"सांगितलं की सायकल गेली."

"मग मला द्या. माझे पाय पुरतात. मी जाते तुमच्या हापिसात." वच्छलाबाईंनी भाकरी तव्यावर उलटली. "आन आप्पा आले म्हंजी काय करणार?"

"ओटा हाय की. आप्पा ओट्यापाशीच उभे ऱ्हातील. मी ओट्यावर उतरीन आन खाली वाकून रामराम घालीन. तिथल्या तिथं."

बेत निर्दोष होता. फक्त तो कारभारींनी रामकिसनला सांगितला नाही.

दिवाळी सरली. ठरल्या सकाळी वच्छलाबाईंनी हौदाजवळून नेहमीपेक्षा मोठा धक्का दिला आणि स्वतः औक्षणाचं ताट घेऊन रिक्षानं पुढं गेल्या. कारभारींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. क्रांती चौकात रिक्षावाल्यांनी त्यांना हिरवा मिळेपर्यंत दोन टप देऊ केले. पैठण गेटपाशी हबीब मिस्त्री मोपेड घेऊन मागं लागले. आपलं काम चालताना लोकांची तोंडं बघायची संधी ते सोडणार नव्हते.

कारभारी औरंगपुऱ्यात वळले आणि त्यांनी ओटा पाहिला.

ओटा दिसत नव्हता. मुख्य लिपिकांचे सासरे सायकल बघायला येणार, हे कळल्यावर रामकिसननं आपलं सारं प्रेम ओट्यावर मांडलं होतं. सतरंजी, त्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर कचेरीतली मंडळी, कडेनं झेंडूच्या माळा, पाहुण्यांसाठी एक हार, आणि उरलेल्या कोपऱ्यात ज्याची गरज कुणालाच नव्हती असा एक मोठा कर्णा. ओट्याच्या पुढं काकासाहेबांची जीप, दोरखंडासकट. आणि जीपच्या पुढं, रस्त्याच्या कडेला, पांढरा पटका बांधून, काठीवर दोन्ही हात ठेवून, आप्पासाहेब.

उतरायला जागाच उरली नव्हती. पण पाय थांबले तर माणूस पडतो, म्हणून पाय चालू राहिले.

"रामराम, मामा!" असं म्हणत ते सासऱ्यांच्या समोरून बसल्या-बसल्या निघून गेले.

आप्पासाहेबांच्या भुवया पटक्यात गेल्या.

"बघितलं, आप्पा?" काकासाहेबांनी जीपमधला दोरखंड हातात घेतला. "बसून घातला."

कारभारी चौकाला वळसा घालून परत आले. दुसरा इलाज नव्हता. खांबाला धरावं, तर खांबाला केळीवाल्याची गाडी टेकलेली. रिक्षाच्या टपाला हात लावावा, तर रिक्षावाले रिक्षा लांब लावून तमाशा बघायला आलेले. गर्दी होती, पण अदबशीर होती. सायकल जवळ आली की लोक दोन पावलं मागं सरत, आणि धरण्यासारखं जे काही होतं ते दोन पावलं लांब जाई.

"रामकिसन, खुर्च्या काढ!" ते जाता जाता ओट्याकडे ओरडले.

"साहेब, आणखी चार मागवल्यात!" रामकिसननं हात जोडून आश्वासन दिलं.

तिसऱ्या फेरीला त्यांना हबीब मिस्त्री दिसले, मोपेडवर एक पाय टेकून, डोळे मिटून.

"हबीबभाई, जरा इकडं या!"

"बोलो नक्को, साब!" मिस्त्रींनी डोळे न उघडता हात वर केला. "चेन की आवाज सुनने दो. सुनो, सुनो लोगो! है कुछ आवाज? नहीं है! ये है काम!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाईंना सगळं कळत होतं, पण ताट दोन्ही हातांत आणि निरांजन पेटलेलं. त्या पुढं झाल्या तशी आप्पासाहेबांनी त्यांच्या वाटेत काठी आडवी धरली.

"थांब गं. बघू दे."

चौथी फेरी. कारभारींच्या मांड्या भरून आल्या होत्या. सदरा पाठीला चिकटला होता. पण ऊन सोनेरी रेघेवर पडलं होतं, डायनामो चाकाला लागून गुणगुणत होता, आणि औरंगपुऱ्यातली दुकानं पायरीवर आली होती. सायकल तर हातची गेलीच, असं त्यांनी मनाशी कबूल केलं. आणि गेलीच आहे, तर निदान नीट चालवू. त्यांनी मान ताठ केली आणि घंटी वाजवली. आधी सगळे बाजूला झाले, मग सगळे हसले.

त्यांनी आप्पासाहेबांकडे एक नजर टाकली. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"आप्पा, दोरखंड आणलाय," काकासाहेब म्हणाले. "तो अजून बी उतरला नाय."

"गप ऱ्हा." आप्पासाहेबांचा आवाज धान्याच्या बाजारात लिलाव पुकारलेला होता; कर्णा तसाही चालू झाला नव्हता. "उतरून रामराम घालणारे मी लई बघितले. ह्यो पठ्ठ्या फेऱ्या घालतोय! मला! देवाला घालतात तशा! माझ्या उभ्या हयातीत मला कुणी प्रदक्षिणा घातली नाय. आरं, तुम्ही पोटच्या पोरांनी तरी घातली का?"

काकासाहेबांना तसं काही आठवेना.

"सायकल ह्याचीच. आन नुसती सायकल नाय, मान बी ह्याचाच. आण तो हार!"

ओट्यावरची सारी कचेरी उभी राहिली. रामकिसननं धावत जाऊन आप्पासाहेबांच्या हातात झेंडूचा हार दिला. पाचवी फेरी घालून कारभारी आले तेव्हा आप्पासाहेब रस्त्यात पुढं आले होते, काठी सोडून, दोन्ही हातांत हार धरून. कारभारींनी ब्रेक दाबला. सायकल इतकी संथ झाली की ती चालली आहे की उभी आहे, हे सांगता येईना. लोकांना वाटलं ही शेवटची आणि सगळ्यात अवघड करामत. खरोखरच होती.

हार घालण्यासाठी आप्पासाहेबांनी मान वर केली.

एवढ्या वर्षांत त्यांनी जावयाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि तेही वर पाहिलं. कारभारींनी तो चेहरा वरून पाहून घेतला, पटक्याचं टोक, पांढऱ्या भुवया, ओले डोळे. लग्नापासून खिशात बाळगलेलं ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात औरंगपुऱ्यातल्या रस्त्यावर टाकून दिलं. मग हार गळ्यात पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कारभारींनी डावा हात पुढं करून सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवला. आजवर त्यांचा हात त्या खांद्यापर्यंत कधी पुरला नव्हता.

"घराण्याचं नाव काढलंस," आप्पासाहेब म्हणाले. "बोल जावईबापू, आज काय मागशील ते देतो. मागून बघ!"

सगळा औरंगपुरा कान देऊन उभा राहिला. हबीब मिस्त्रींनीसुद्धा डोळे उघडले.

कारभारी जरासे वाकले आणि सासऱ्यांच्या कानापाशी म्हणाले, "मामा, खांदा तेवढा हलवू नका. उतरायचंय मला."